लढाई, नहर आणि शेतसारा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘नेतृत्व’ या विषयावर बोलायला सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या मुलाला हा विषय देण्यात थोडी गंमतही असावी. वाळूजच्या कारखानदारीत काढलेली तीस वर्षं, एवढंच माझं भांडवल. पण या विषयातला पहिला धडा मला तिथे मिळाला नाही. तो मिळाला नववीच्या खुलताबादच्या सहलीत.

आठवतंय? मलिक अंबरच्या कबरीपाशी इतिहासाच्या सरांनी विचारलं होतं, “हा माणूस लढवय्या, इंजिनिअर की कारभारी?” आपण एका सुरात ओरडलो, “लढवय्या!” सर म्हणाले, “घरी जाऊन विचार करा.” मी घरी जाऊन झोपलो.

आज तो प्रश्न पुन्हा हातात घेतो. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजेच आपलं हे शहर. त्याच्यापुढे तीन अगदी वेगळी कामं होती.

पहिलं काम लढाईचं. मोगलांची फौज मोठी, याची लहान. म्हणून समोरासमोर भिडायचं टाळायचं, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा. १६१६ मध्ये रोषणगावला मोकळ्या मैदानात गाठ पडली तेव्हा तो हरला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. काही सरदार आधीच फुटले होते, हेही खरं. पण १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडला, शत्रूची छावणी चिखलात अडकवली आणि मोगल-आदिलशाही फौजांना हरवलं. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढत होते. इथे झटपट निर्णय, गुप्तता आणि एकाचाच शब्द चालतो.

दुसरं काम पाण्याचं. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणायचं होतं. मोटार नाही, पंप नाही, फक्त उतार. पाण्यावर छापा घालता येत नाही आणि त्याला हुकूमही सोडता येत नाही. उतार चुकला की पाणी थांबतं. इथे मोजमाप आणि धीर लागतो. नहर-ए-अंबरी पुढे तीनशेहून अधिक वर्षं शहराच्या उपयोगी पडली. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे मोजत बसणाऱ्या आपल्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरं काम शेतसाऱ्याचं. मक्तेदार रयतेला पिळून काढत. अंबरने मक्त्याची पद्धत मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांवर टाकली. गावात कोणती जमीन कसदार आणि कोणती बरड, हे गावालाच ठाऊक असतं. म्हणून इथे विचारावं लागतं आणि ऐकून घ्यावं लागतं.

हे मला कळलं ते ठेच लागल्यावर. एका रात्री आमच्या शॉपमध्ये तेलाला आग लागली. मी ओरडून हुकूम सोडले, माणसं बाहेर काढली, कोणाला इजा झाली नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि तीच माझी पद्धत होऊन बसली. पुढे एका लाइनवर रिजेक्शन वाढू लागलं. मी तिथेही आग विझवल्यासारखाच वागलो. शिफ्ट बदलल्या, मेमो काढले, एका जुन्या ऑपरेटरची वेतनवाढ रोखली. आठ महिन्यांनी मेंटेनन्सवाल्यांना कारण सापडलं. फिक्स्चरची पिन झिजली होती.

तो ऑपरेटर निवृत्त झाला त्या दिवशी मी त्याला विचारलं, “काका, तुम्हाला माहीत होतं का?”

“पहिल्याच महिन्यात कळलं होतं, साहेब.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही मेमो दिला. विचारलं कुठे?”

मी माफी मागितली. त्यांनी हसून हात हातात घेतला. पण त्यांची ती वेतनवाढ मला परत मिळवून देता आली नाही. ती बोच अजून आहे.

तेव्हापासून अडचण आली की मी आधी स्वतःला विचारतो: ही लढाई आहे, नहर आहे की शेतसारा? हुकूम द्यायचा, मोजत बसायचं की लोकांना विचारायचं? अजूनही चुकतं, पण आठ महिने लागत नाहीत.

आपल्यातले बरेच जण आता निवृत्त झालो आहोत. तरी कामं संपलेली नाहीत. घरात आई पडली तर बैठक घेत बसायचं नसतं, लगेच गाडी काढायची असते. सोसायटीच्या पाण्याचा हिशेब एका दिवसात लागत नाही, तिथे वही घेऊन बसावं लागतं. आणि भावाभावांच्या वाटणीत थोरल्याचा हुकूम चालत नाही, तिथे धाकट्याचं आधी ऐकावं लागतं. ज्या पद्धतीने एकदा शाबासकी मिळाली, तीच आपण सगळीकडे वापरतो. तिथेच आपण फसतो.

सर, आपण समोर पहिल्या रांगेत बसला आहात. नववीतल्या प्रश्नाचं उत्तर फार उशिरा देतोय. तो लढवय्याही होता, इंजिनिअरही आणि कारभारीही. जेव्हा जे लागेल, तेव्हा ते. गुण द्यायचे की नाहीत, ते आपण ठरवा.