जुन्या पत्त्यावर निघालेली माणसे

बेला, जैनथ, तामसी या बाजूच्या खेड्यांत तिन्हीसांजेला गुरे परतू लागली, की एखाद्या घरातील वृद्ध गृहस्थ अस्वस्थ होतात. ओसरीवरून उठतात, काठी उचलतात, वहाणा पायात सरकवतात आणि ‘आता घरी गेले पाहिजे’ असे म्हणत चालू लागतात. घर तर हेच असते. याच घरात त्यांची चाळीस वर्षे गेलेली असतात. सून ‘बाबा, हेच आपले घर’ म्हणून विनवते, मुलगा चिडतो, आणि अखेर दाराला बाहेरून कडी पडते. ही कडी प्रेमापोटी पडते हे खरे. परंतु ती पडली म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही.

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपला समाज या अवस्थेची बोळवण करीत आला. वस्तुतः हा मेंदूचा विकार होय. 1906 साली आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने एका स्त्रीच्या मेंदूत झालेले बदल प्रथम वर्णिले, आणि स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला पुढे त्याचेच नाव मिळाले. भारतात साठी उलटलेल्यांपैकी शेकडा सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसे, असा एका राष्ट्रव्यापी पाहणीचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यांतील पुष्कळजण केव्हा ना केव्हा घराबाहेर पडून वाट चुकतात. त्याला भटकणे म्हणण्याची रीत पडली आहे. हा शब्द फारसा बरोबर नाही. भटकणाऱ्याला कोठे जायचे नसते. या माणसाला कोठे तरी निश्चित जायचे असते. फक्त ते ठिकाण आज अस्तित्वात नसते.

या विकारात स्मृती सहसा उलट्या क्रमाने झडते. कालचे आधी जाते, बालपणीचे सर्वांत शेवटी. सकाळी जेवण झाले की नाही हे आठवत नाही. परंतु वडिलांच्या शेताचा बांध, बैलांची नावे, शाळेची वाट ही सारी जागच्या जागी असतात. त्यामुळे अशा माणसाला पत्ता विचारला, तर तो खोटे सांगत नाही. तो जुने सांगतो.

आदिलाबादच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. 1956 च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तोवर किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यात होते. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे आणि राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. उलट मुधोळ व भैंसा ही गावे तेव्हा नांदेड जिल्ह्यात मोडत. ती वाटणीनंतर आदिलाबादकडे आली, आणि 2016 साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा निर्मल जिल्ह्यात गेली. ऐंशी ओलांडलेला एखादा वृद्ध महामार्गावर सापडला आणि ‘राजुरा, जिल्हा आदिलाबाद’ म्हणाला, तर ठाण्यातील तरुण शिपाई आपल्या जिल्ह्यात राजुरा शोधीत बसेल. म्हातारा चुकलेला नसतो. नकाशा बदललेला असतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर नावही बदललेले असते. लग्नात सासरचे नवे नाव ठेवण्याची चाल मराठी घरांत दीर्घकाळ होती. घरचे लोक ‘लक्ष्मीबाई’ म्हणून साऱ्या गावात हाका मारतात, आणि कपाशीच्या पट्ट्यात बसलेल्या आजीच्या मनात ती अजून माहेरची ‘ठकी’ असते. लक्ष्मीबाई ही कोण, याच्याशी तिला कर्तव्य नाही. म्हणून घरातील प्रत्येक अशा माणसाची एक टिपणवही हवी. तीत माहेरचे नाव, लहानपणचे गाव, जुना तालुका, रोज जाण्याचे शेत, आवडीचे देऊळ, वागणुकीतली भाषा ही सर्व नोंद असावी आणि अलीकडचे छायाचित्र चिकटवलेले असावे. ही वही विकाराच्या आरंभीच, त्या माणसाला बोलके करून, त्याच्याकडूनच भरून घेतलेली उत्तम.

बांधून ठेवण्याविषयी दोन शब्द अवश्य सांगावे लागतात, कारण ती गोष्ट अजून घडते. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे मनोरुग्णांच्या एका आसऱ्याला आग लागली. तेथील माणसे साखळ्यांनी जखडलेली होती. 28 जण मरण पावले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळी घालण्यास पूर्ण बंदी केली, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. बाहेरून कडी घातलेल्या घरात चूल पेटलेली असेल, तर एरवाडी फार दूर नाही.

मग करावे काय? अस्वस्थतेची वेळ बहुधा ठरलेली असते. त्याच वेळी कोणी तरी सोबतीला जाऊन गावाबाहेर एक फेरी मारून आणली, तर पुष्कळदा पायांची ओढ शमते. काठी, पागोटे, पिशवी ही निघण्याची चिन्हे होत. ती डोळ्यांसमोर ठेवू नयेत. दाराला गुराच्या गळ्यातली घाट बांधली तर दार उघडताच आवाज होतो, आणि खर्च काहीच नाही. सदऱ्याच्या आत पट्टी शिवून तीवर नाव, गाव आणि दूरध्वनीचा क्रमांक मराठी व तेलुगू अशा दोन्ही लिपींत लिहावा. चिठ्ठी खिशात ठेवली तर ती हरवते. ‘हेच तुमचे घर’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. ‘घरी कोण कोण आहे, गाई किती आहेत’ असे विचारले तर माणूस सांगू लागतो, आणि सांगता सांगता खाली बसतो.

एवढे करूनही माणूस निघून जातोच. अशा वेळी प्रथम घर, गोठा, न्हाणी, कापसाची खोली पाहावी. मग जवळचे नाले, झुडपे आणि उभी पिके. परदेशांतील शोधपथकांचा अनुभव असा, की स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुधा फार दूर गेलेला नसतो. तो अडथळा येईपर्यंत चालतो आणि तेथेच अडकून राहतो; हाकेला ओ देत नाही, कारण आपण हरवलो आहोत हे त्याला ठाऊकच नसते. दिवाळीच्या सुमारास येथील कपाशी कमरेच्या वर असते, आणि तीत बसलेला माणूस बांधावरून दिसत नाही. म्हणून नुसत्या हाका पुरत नाहीत, ओळ न् ओळ फिरून पाहावी लागते. पौषातील आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक पडणाऱ्यांपैकी आहे, आणि वैशाखातल्या उन्हाविषयी बोलायलाच नको. एका रात्रीचा वा एका दुपारचा उशीर जिवावर बेततो. चोवीस तास उलटल्यावाचून पोलीस तक्रार घेत नाहीत, ही समजूत निराधार आहे. 112 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैनगंगेपलीकडच्या ठाण्यांनाही कळवावे, कारण नदीवर पूल आहे आणि पायांना राज्याची सीमा कळत नाही.

ज्याला असा माणूस सापडतो त्याचेही काम आहे. वरील कायद्याप्रमाणे पोलिसांनी त्याला कोठडीत ठेवता कामा नये. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा. परंतु शोध घेणाऱ्याला त्याची भाषा कळली पाहिजे. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू, बंजारा या बोली जेथे एका बाजारात ऐकू येतात, तेथे चहाच्या टपरीवरचा पोऱ्यादेखील ठाणेदाराहून उपयोगी पडू शकतो. कर्जतजवळील डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना निरनिराळ्या प्रांतांतील आपापल्या घरी पोचविले. 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कार्यासाठी.

जपानमध्ये 2023 साली स्मृतिभ्रंशामुळे हरवलेल्या 19,000 हून अधिक माणसांची नोंद पोलिसांकडे झाली. तेथील ओमुता या जुन्या कोळसाखाणींच्या गावाने 2004 पासून एक प्रघात पाडला आहे. गावातील एखादा नागरिक वाट चुकलेल्या वृद्धाचे सोंग घेऊन हिंडतो, आणि बाकीच्यांनी त्याला ओळखून, समोरून जाऊन, हळू आवाजात बोलते करायचे असते. मागून खांद्यावर हात ठेवला तर माणूस भितो, हे अशा सरावातूनच कळते. केस्लापूरच्या नागोबा जत्रेपूर्वी इंद्रवेल्लीच्या परिसरात असा एक दिवस पाळणे काही अवघड नाही. बसस्थानकावरचे वाहक, रिक्षावाले आणि शाळेतील मुले एवढी मंडळी त्यास पुरेशी आहेत.

माणूस परत आला म्हणजे त्याला रागावू नये. त्याला पाणी द्यावे, तळपाय पाहावेत, कारण अनवाणी चाललेले असतात आणि दुखणे सांगता येत नाही. मग तो जेथे सापडला ते ठिकाण आणि ज्या दिशेला तोंड करून बसला होता ती दिशा वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वेळी शोध तेथूनच सुरू करायचा असतो.