तंजावरचे संगमरवरी गुरुऋण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



स्मारकशिल्पी जॉन फ्लॅक्समन (१७५५–१८२६) हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील नेल्सनचे स्मारक त्यांचे. १८१० साली ते रॉयल अकॅडमीचे शिल्पकलेचे पहिले प्राध्यापक झाले. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही. तथापि त्यांनी संगमरवरात कोरलेला एक मराठी राजा तंजावरात आजही उभा आहे.

ते दुसरे सरफोजी महाराज. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी त्यांचा बालपणी सांभाळ केला, शिक्षणाची व्यवस्था केली, गादीच्या हक्कासाठी कंपनी सरकारपुढे त्यांची बाजू मांडली. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले आणि पुढे त्यांनी फ्लॅक्समनकडून गुरूचे स्मारक घडवून घेतले. शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये ते आहे. गुरू मृत्युशय्येवर आहेत, राजाने त्यांचा हात हाती घेतला आहे, शेजारी शाळेची मुले एकमेकांना बिलगून उभी आहेत.

सरफोजींनी स्वधर्म सोडला नाही, मराठीही सोडली नाही. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीतच कोरविला.

पोटापाण्यासाठी अंबत्तूरला आलेल्या आम्हा कुटुंबांना या दोन्ही दगडांचा अर्थ उमगतो. एक सांगतो, आम्ही कोण. दुसरा सांगतो, आम्ही कोणाचे ऋणी. मंडळाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा आमच्या मुलांना आपली मानणाऱ्या तमिळ शेजाऱ्यांची आणि शिक्षकांची नावे त्यात आमच्या नावांच्या आधी यावीत, एवढीच आमची विनंती.