मुठीत मावणारा व्हॉल्व्ह



उद्योगावरच्या संकटांची चर्चा निघाली की पूर, भूकंप, महामारी यांची नावं आधी येतात. मी आज एका आगीबद्दल बोलणार आहे.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमधल्या कारिया शहरात आयसिन सेइकी या कंपनीचा एक नंबरचा कारखाना जळाला. तिथे टोयोटाच्या गाड्यांचे पी-व्हॉल्व्ह बनत. मागच्या चाकांच्या ब्रेकवर किती दाब जावा हे ठरवणारा हा मुठीत मावणारा भाग. किंमत म्हणाल तर गाडीच्या मानाने चिल्लर. पण टोयोटाला लागणारे जवळपास सगळे पी-व्हॉल्व्ह याच एका छपराखाली तयार होत होते आणि टोयोटाकडे साठा होता तो जेमतेम काही तासांचा. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवायचा, ही त्यांची जगभर वाखाणलेली रीत. मंगळवारपर्यंत जपानमधल्या त्यांच्या बहुतेक लाइन थांबल्या.

कारखाना पुन्हा उभा करायला महिने लागले असते. आयसिनने त्याच दिवशी ओळखीच्या सगळ्या कंपन्यांना हाक घातली आणि मागेल त्याला ड्रॉइंग देऊन टाकली. आता ड्रॉइंग हातात आलं म्हणजे काम झालं असं नसतं, हे इथे बसलेल्या भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांना मी सांगायला नको. आयसिनची यंत्रं या एकाच कामासाठी घडवलेली होती. आपण ज्यांना एसपीएम म्हणतो ती. ती जळालेली. इतरांकडे साधी, सर्वसाधारण कामाची यंत्रं. म्हणजे फिक्स्चर नवं, टूल नवं, कामाचा क्रमही नवा. तरी साठेक कंपन्या कामाला लागल्या. त्यांत ब्रदर ही शिलाई मशीन बनवणारी कंपनीही होती! पाच दिवसांच्या आत पहिले वापरण्याजोगे व्हॉल्व्ह हातात पडले आणि साधारण आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती वाटते? भाव कोणी विचारला नाही. परचेस ऑर्डरसाठी कोणी अडून बसलं नाही. आपले पैसे बुडणार नाहीत, ही खात्री वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून आलेली होती. ती खरीही ठरली: आयसिनने खर्च भरून दिला, आणि टोयोटाने आपल्या मुख्य पुरवठादारांना त्यांनी त्या तिमाहीत टोयोटाला केलेल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम वेगळी दिली.

व्यवसाय-सातत्यासाठी आज आयएसओ २२३०१ हे मानक आहे. चांगलं आहे, जरूर घ्या. पण प्रमाणपत्र भिंतीवर आणि योजना कपाटात, असं मी फार ठिकाणी पाहतो. शनिवारी पहाटे कोणाला फोन करायचा आणि तो उचलेल का, हे त्या फाइलमधून कळत नाही.

शेजारधर्माने सगळंच भागतं, असंही मी म्हणणार नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपात रेनेसास कंपनीचा जपानमधल्या नाका इथला चिप कारखाना बंद पडला. व्हॉल्व्ह शेजारी बनवू शकतो, चिप कशी बनवणार? शिवाय वरवर वेगवेगळे दिसणारे पुरवठादार आतून एकाच कारखान्यावर अवलंबून होते, हे तेव्हा टोयोटाच्या ध्यानात आलं. मग काटकसरीचं हे दैवत स्वतःच वाकलं. चिपसारख्या मालाचा काही महिन्यांचा साठा ठेवायला त्यांनी पुरवठादारांना सांगितलं. २०२१ च्या सुरुवातीला जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा टोयोटा इतरांपेक्षा जास्त काळ टिकली. सप्टेंबरात मात्र त्यांनाही उत्पादन कापावं लागलं.

म्हणून माझं सांगणं असं. आपल्या मालाची यादी काढा आणि दोन रकाने करा: अडचणीत दुसरा कोणी बनवून देईल असा माल, आणि कोणीच देऊ शकणार नाही असा. दुसऱ्या रकान्यातल्या मालाचा साठा करा, व्याज गेलं तरी चालेल. पहिल्या रकान्यासाठी साठ्यापेक्षा माणसं सांभाळा. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असं आपला २००६ चा कायदा सांगतो. तुमच्या जॉबवर्कवाल्यांची किती बिलं त्यापुढे गेली आहेत, ते उद्या अकाउंट्सला विचारा आणि आधी ती चुकती करा.