मॅच संपली की रेडिओ गप्प का होतो?

आजचा विषय रेडिओ. लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. विषय रेडिओचा असला तरी भानगड क्रिकेटची आहे, कबड्डीची आहे आणि बरीचशी आपल्या भोर-वेल्ह्याची आहे. वेल्हे म्हणजे आता सरकारी कागदावर राजगड तालुका, पण बोलताना तोंडात वेल्हंच येतं, तेव्हा आज वेल्हंच म्हणू.

भात काढून झालं, खळी मोकळी झाली, की आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मुंबई-पुण्यात कामाला असलेली पोरं सुट्टी काढून गावच्या टीमकडून खेळायला येतात. मंडपात एक जण माइक धरून बसलेला असतो. तो धावा सांगतो, चिमटे काढतो, मधेच कुणाची गाडी रस्त्यात उभी आहे तेही सांगतो. यात्रेतल्या कुस्त्यांना तर हलगी आणि निवेदक नसेल तर आखाडा सुना वाटतो. खेळ चालू असताना बोलणारा माणूस आपल्याकडे कधी कमी पडलाच नाही. पण खेळ संपल्यावर? त्या शेवटच्या षटकातल्या वाइडवर नंतर कोण बोलतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस मेसेज पडतात, मग कुणीतरी ‘शुभ रात्री’चं फूल टाकतं आणि विषय संपतो.

जगात काही ठिकाणी मात्र या ‘नंतरच्या’ बोलण्यावरच रेडिओ स्टेशनं उभी राहिली. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. आणि आपल्याकडे ती का उभी राहिली नाहीत, हेही.

आपल्याकडे सुरुवात झाली समालोचनाने. मुंबईत 1930 च्या दशकात बॉबी तल्यारखान नावाचे गृहस्थ एकट्याने दिवसभर माइकसमोर बोलायचे, इंग्रजीत. मराठीत हे काम घराघरांत पोचवलं बाळ ज. पंडित यांनी. पुण्याचे, स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, क्रिकेटवर भरपूर पुस्तकं लिहिलेले. 2015 साली ते गेले. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचा आवाज ऐकला नसेल. आजोबांना विचारा.

त्या मराठी समालोचनातले शब्द एकदा नीट बघा. धावचीत, पायचीत. यातला ‘चीत’ कुठला? आखाड्यातला. पाठ टेकली की पैलवान चीत. म्हणजे इंग्रजांचा खेळ मराठीत आला तो कुस्तीची माती अंगाला लावून. आणि ‘त्रिफळा’! हिरडा, बेहडा, आवळा यांचं चूर्ण, ते जाऊन तीन स्टंपांवर बसलं, आणि ‘त्रिफळा उडाला’ म्हटलं की ज्याने मैदान कधी पाहिलं नाही त्यालाही दांड्या उडताना दिसायला लागल्या. डोळ्यांनी न दिसणारा खेळ कानांना दाखवायचा तर असे शब्द लागतात. टीव्ही आल्यावर ती गरज कमी झाली. आताची मराठी कॉमेंट्री मी ऐकतो. पडद्यावर जे दिसतंय तेच परत सांगण्यात तिचा बराच वेळ जातो, असं माझं मत आहे.

पण हे सगळं खेळ चालू असतानाचं. आकाशवाणीचं समालोचन संपलं की पुढचा ठरलेला कार्यक्रम लागायचा. 29 फेब्रुवारी 1996 आठवा, किंवा आई-बाबांना आठवायला सांगा. वर्ल्ड कपची मॅच, पुण्याचं नेहरू स्टेडियम, केनियाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळलं. तो लारा, तो रिची रिचर्डसन, आणि समोर केनिया! त्या रात्री पुण्यात फोन उघडे ठेवून दोन तास नुसतं यावर बोलू देणारं स्टेशन असतं, तर काय बहार आली असती.

अमेरिकेत तोवर असं स्टेशन जवळजवळ नऊ वर्षांचं झालं होतं. 1 जुलै 1987 ला न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन सुरू झालं. चोवीस तास फक्त खेळ. चोवीस तास काय बोलणार, असं लोकांना वाटलं होतं. त्याचं गणित साधं होतं. मेट्स या बेसबॉल टीमच्या मॅचचं थेट प्रसारण हा खुंटा, आणि बाकीचा दिवस त्या खुंट्याभोवती फिरणारं बोलणं. मॅचच्या आधी अंदाज, मॅचनंतर पंचनामा, आणि मधल्या वेळात श्रोत्यांचे फोन. गाणी नाहीत, मोठा स्टुडिओ नाही. एक-दोन बोलणारी माणसं, फोनच्या लाइनी आणि घड्याळ. पुढच्या वर्षी त्यांना जास्त ताकदीची 660 ही जागा मिळाली, 1989 मध्ये ‘माइक अँड द मॅड डॉग’ ही भांडकुदळ जोडी आली आणि लोक मॅचइतकेच यांच्या वादासाठी रेडिओ लावू लागले.

मग देशभराचं नेटवर्क. ईएसपीएन रेडिओ जानेवारी 1992 मध्ये सुरू झाला, तेव्हा तो फक्त शनिवार-रविवारपुरता होता. ही युक्ती समजून घ्यायला हवी. गावोगावच्या छोट्या स्टेशनांना रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माणूस ठेवणं परवडत नाही. नेटवर्क म्हणतं, तेवढे तास आमच्याकडून घ्या, मधल्या ठरलेल्या मिनिटांना तुमच्या गावची बातमी आणि तुमच्या दुकानाची जाहिरात लावा. असं करत शनिवार-रविवारचे तास आठवडाभर पसरले. ऐकणारे कोण? रात्रीचे ट्रकवाले, कारखान्यातले पाळीवाले, टॅक्सीवाले. आपल्याकडे सारोळा-किकवीवरून सातारा रोडने रात्रभर जाणारे ट्रक आणि शिरवळच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून भोरला परतणारी पोरं, अगदी तेच लोक.

सगळं गोड नाही बरं का. 2018 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना खेळांवरच्या सट्टेबाजीचा मार्ग मोकळा करून दिला, आणि या बोलण्याच्या कार्यक्रमांत आता सट्ट्याच्या जाहिराती आणि टिपा भरल्यात. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा कायदा आला, तेव्हा हा खुंटा इथे चालायचा नाही. बरंच झालं.

आता आपल्याकडे का नाही, ते. गंमत म्हणजे भारतातल्या रेडिओचं दार क्रिकेटनेच ठोठावलं होतं. 1993 चा हीरो कप आठवतोय? ईडन गार्डन, सेमीफायनल, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि सचिनने फक्त तीन दिल्या. त्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन आणि सरकारने विरोध केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल आला: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावर होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी माणूस, 2021 मध्ये पुण्यात वारले.

2001 पासून खासगी एफएम आलं. पण अट अशी की बातम्या आणि चालू घडामोडी नाहीत. 2011 च्या धोरणात थोडी सूट मिळाली. खेळांची माहिती चालेल, थेट प्रसारण चालणार नाही. फक्त स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचं थेट समालोचन करता येईल. म्हणजे भारत-ऑस्ट्रेलिया नाही, पण तालुक्याची कबड्डी चालेल! 2023 मध्ये ट्रायने शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. शिफारस म्हणजे काही नियम नव्हे. एकूण, ज्या क्रिकेटच्या भांडणातून लहरी मोकळ्या झाल्या, त्या लहरींवर क्रिकेटच अर्धवट राहिलं. एफएमवाल्यांनी मग गाणी आणि फोनवरची फजिती यांवर धंदा केला. त्यांना तरी काय दोष द्यायचा, लायसन्सची फी भरायची असते.

पण ते ‘स्थानिक’ सामन्यांचं दार उघडं आहे, आणि ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. का, ते डोंगराकडे बघून कळतं. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते. मधे डोंगर आला की पलीकडे सावली पडते. आपल्याकडे तोरणा 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड, शेजारी राजगड, दक्षिणेला रायरेश्वर. राजगडामागचं भुतोंडे खोरं किंवा वरंध घाटाच्या वाटेवरचं हिर्डोशी खोरं, दोन्ही डोंगरांत वाटीसारखी बसलेली. पुणे आकाशवाणीची 792 ची मीडियम वेव्ह जमिनीच्या अंगाने जाते, म्हणून जुना ट्रान्झिस्टर डोंगराआडही बोलायचा. मोबाइलची रेंजही याच डोंगरांपाशी अडखळते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण हाच डोंगर उलटा उपयोगी पडतो. 2006 पासून संस्थांना कम्युनिटी रेडिओ चालवता येतो, साधारण 100 वॅटचा. शहरात तो इमारतींत हरवतो. वाटीसारख्या खोऱ्यात तेवढीच ताकद बरीच गावं भरून काढते. बातम्यांवरचं बंधन तिथेही आहे, पण खेळाबद्दल, सरावाबद्दल, खेळाडूंबद्दल स्वतःच्या बोलीत बोलायला कुणाची हरकत नाही.

आणि बोलण्यासारखं खूप आहे. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. खोऱ्यातल्या शाळेची मुलगी वर्षभर मातीवर खेळणार आणि निवडीला थेट मॅटवर उतरणार असेल, तर तिचा पाय तिथे घसरणारच. ही गोष्ट कुठल्याच थेट समालोचनात येत नाही, कारण ती सामन्यात घडत नाही, सामन्याच्या आधी सहा महिने घडते. बैलगाडा शर्यती 2014 ला बंद झाल्या, डिसेंबर 2021 ला परत सुरू झाल्या, मे 2023 ला कोर्टाने कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांत बैलांचं, गाडेवाल्यांचं काय झालं, यावर एक तास खुला फोन लावला तर लाइन मोकळी मिळायची नाही. आणि बायकांचे फोन! मैदानाच्या कडेला बसून त्याही सगळं बघत असतात. माइक मात्र त्यांच्या हातात क्वचितच येतो.

माझं म्हणणं असं, की नेटवर्क वरून यायची वाट बघू नका. ईएसपीएननेही शनिवार-रविवारपासूनच केली होती सुरुवात. तुमच्या गावच्या स्पर्धेचा निवेदक आहे ना, त्याला सामन्यानंतर अर्धा तास बसवा. हरलेल्या टीमचा कॅप्टन, अंपायर, आणि एक तरी आजी. फोनवर रेकॉर्ड करा, भांडण कापू नका, फक्त शिव्या कापा. आवाजाची फाइल छोटी असते, व्हिडिओपेक्षा कमी रेंजमध्येही जाते. ती आम्हाला पाठवा. पुढच्या भागात केळदपासून नसरापूरपर्यंतच्या अशा तीन-चार फायली वाजवायच्या आहेत, आणि तो वाइड होता की नव्हता, ते ऐकणाऱ्यांनाच ठरवू द्या.