पेटीतली खतं

मायबाप हो, पुष्कळांच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. आजा गेला, वाटण्या झाल्या, की कोणीतरी ती उघडतं. वर पोथी, माळ, पंचांग. आणि तळाशी पिवळी पडलेली गहाणखतं. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतली, की कळतं: ज्या मळ्यावर आपली पोरं शिकली, तो मळा गावातल्याच एका विधवेचा, दुष्काळात दोन पोती जोंधळ्यापायी आजानं लिहून घेतलेला. वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. बोट धरून वारीला नेणारा आजा, तोच का हा?

तोच. दोन्ही खरं, बरं का.

असे कागद काही एका घरचे नव्हेत. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे गावी कुळांनी सावकारांची खतं काढून जाळली. का? कागदात त्यांचं रान अडकलं होतं.

आता देहूला चला. तुकोबारायांचं घर महाजनकीचं, सावकारीचं. १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पुढे तुकोबांनी घरातली खतं काढली, दोन वाटण्या केल्या. अर्धी भाऊ कान्होबाच्या हाती दिली, आपली अर्धी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. नीट पहा. वाडवडिलांना शिव्या दिल्या नाहीत. भावाचा वाटा जबरदस्तीनं बुडवला नाही. आपल्या वाट्याचं तेवढं मात्र पुरतं सोडलं.

तुम्ही म्हणाल, महाराज, पाप आजाचं, आम्ही काय केलं? बरोबर. पाप वारसानं येत नाही. पण मळा येतो ना? मळा घेताना वारस आणि कागद वाचताना परका, हे कसं चालेल?

म्हणून सांगतो, तुम्ही कागद बुडवू नका. तुकोबांनी बुडवलं ते आपलं येणं. तुमच्या हातात आहे तो दुसऱ्याचा पुरावा. त्या माउलीची नातवंडं असतील, त्यांच्या ओट्यावर जा, वाचलं ते सांगा. मग भावंडांत बसून ठरवा, आपल्या वाट्यातलं काय परत देता येतं.

आजाची तसबीर काढू नका. श्राद्धाला नाव घ्या, पिंड ठेवा; आणि त्याच पंगतीत पोरांना सगळं सांगा. पेटीचा तळ विठ्ठलाला आधीच ठाऊक आहे. आपण लपवतो ते फक्त पोरांपासून.

बोला, पुंडलिक वरदे हाऽरि विठ्ठल!