चक्रमर्द आणि कासमर्द



मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस लोटले की रस्त्याच्या कडेला, पडीक माळावर, गावठाणातल्या उकिरड्यापाशी एक रोपटे दाटीवाटीने वर येते. ते कोणी पेरीत नाही, त्याला कोणी खतपाणी घालीत नाही. कोकणात त्याला टाकळा म्हणतात, विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो. आषाढातील कोवळ्या पाल्याची भाजी होते. फणसाच्या आठळ्या आणि ओले खोबरे घातलेल्या या भाजीची आठवण मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांना पहिल्या पावसाबरोबर हटकून येते. भाद्रपद-आश्विनात याच झुडपांवर पाच पाकळ्यांची पिवळीधमक फुले दिसू लागतात आणि मग त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

आपल्या वैद्यकाने मात्र ते उपेक्षिलेले नाही. संस्कृतात त्याची नावे पुष्कळ आहेत : चक्रमर्द, प्रपुन्नाड, एडगज, दद्रुघ्न. यांपैकी दोन नावे उपचारच सांगून टाकतात. दद्रु म्हणजे नायटा, त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. नायटा कातडीवर चक्रासारखा गोल पसरत जातो, त्या चक्राचे मर्दन करणारा तो चक्रमर्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्वचारोगांवरील लेपांमध्ये एडगजाचा उल्लेख येतो. खेड्यापाड्यांत रूढ असलेली रीतही तीच : वाळलेले बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटायचे आणि नायट्यावर लावायचे. पाला सौम्य सारक आहे, हे भाजी खाणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

या प्रथेच्या मागे कारण आहे. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफेनॉलसारखी अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्ये सापडतात आणि प्रयोगशाळेत त्यांची बुरशीविरोधी क्रिया दिसून आली आहे. गंमत अशी की, याच वर्गाशी नाते सांगणारे ब्राझीलमधील एका वृक्षाचे चूर्ण पोर्तुगीजांच्या मार्गाने गोव्यात आले, नायट्यावरचे औषध म्हणून विकले जाऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ याच नावाने युरोपच्या औषधशास्त्रात जाऊन बसले. घराभोवती टाकळा माजलेला असताना गोव्याचे नाव मिळाले ते परदेशी चूर्णाला! अर्थात, प्रयोगशाळेतील गुण म्हणजे रोग्यावर सिद्ध झालेला उपचार नव्हे. पसरलेला किंवा वारंवार उलटणारा नायटा वैद्याला अथवा डॉक्टरांनाच दाखवावा. तो दडवून ठेवून औषधांच्या दुकानातून मनानेच स्टेरॉइडयुक्त मलम आणणे तर सर्वांत वाईट; खाज थांबते आणि बुरशी आत फोफावते.

येथपर्यंत सारे गोड आहे. पण टाकळ्याच्या शेजारीच त्याचा एक भाऊबंद उगवतो. त्याचे नाव कासविंदा. काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात आणि घोटाळ्याची सुरुवात या नावापासूनच होते. आयुर्वेदात तो कासमर्द, म्हणजे खोकल्याचा नाश करणारा. त्याचेही फूल पिवळे, तोही पावसाळ्यात वाढतो, त्याचेही बी भाजून कॉफीसारखे वापरण्याची चाल अनेक देशांत होती. परंतु त्याच्या शेंगेतील ताजे, कच्चे बी लहान मुलांना प्राणघातक ठरू शकते.

पश्चिम उत्तर प्रदेशातील बिजनौर, सहारनपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत 1990 नंतर पावसाळा सरला की दरवर्षी लहान मुले अकस्मात आजारी पडत. उलट्या, तापाची कणकण, मग बेशुद्धी, आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. विषाणूजन्य मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षे विषाणूचा शोध चालला. तो सापडला नाही. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे ख्यातनाम विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या घरी जाऊन त्यांनी काय खाल्ले याची विचारपूस केली, तेव्हा खेळता खेळता तोंडात टाकलेल्या कासविंद्याच्या शेंगांचा धागा हाती लागला. 2007 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर आघात करणारे ते विष होते. लोकांना सावध केल्यावर त्या भागातील हा आजार ओसरत गेला. पुढे 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात बालमृत्यूंची मालिका झाली, तेव्हा जपानी मेंदूज्वराच्या जोडीने याच वनस्पतीचे नाव तज्ज्ञांनी घेतले. बळी पडलेली मुले बहुतांशी गरिबाघरची, दिवसभर रानात खेळणारी, भुकेली होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

म्हणून दोहोंतील भेद प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात, त्यांची टोके मेथीच्या पानासारखी गोलसर असतात आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. कासविंद्याच्या पर्णिका संख्येने अधिक, लांबट आणि टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकलेली. कासविंद्याची त्याहून आखूड, चपटी. टाकळ्याचे बी तिरक्या चौकटीसारखे, तर कासविंद्याचे चपटे, गोलसर.

वनस्पती ओळखल्यावाचून औषध वापरणे म्हणजे विष, शस्त्र किंवा अग्नी यांच्याशी खेळणे होय, असे चरकाचार्यांनी बजावले आहे. औषधींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक जाणतात, हेही त्यांनीच नमूद केले आहे. जे प्राचीन ते निर्धोक, अशी भाबडी समजूत अलीकडे शहरी घरांत बळावते आहे. मूळ ग्रंथ तसे म्हणत नाहीत. आजीबरोबर टाकळा खुडायला जाणारी नात हे शिक्षण आपसूक घेत असे. आता टाकळा जुडी बांधून बाजारात येतो, आणि ज्या शेंगेपासून धोका, ती मुलांच्या दृष्टीस पडते आश्विन-कार्तिकात, भाजीचा हंगाम उलटून गेल्यावर.

हल्ली पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, त्यांना गर्दीही चांगली होते. तशीच एखादी फेरी दिवाळीच्या सुटीत काढण्यास काय हरकत आहे? गावाबाहेरच्या माळावर तेव्हा दोन्ही झुडपे शेंगांनी लगडलेली असतात. जाणत्या वैद्याला किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला बरोबर घ्यावे, दोन्ही फांद्या शेजारी शेजारी धरून मुलांना पर्णिका मोजायला लावाव्यात, आणि माळावरून परतल्यावर सर्वांनी हात स्वच्छ धुवावेत.