विश्रांती : व्यायामाचा उत्तरार्ध
(परंदवडी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मावळच्या माणसास व्यायामाचे महत्त्व सांगावयास नको. विश्रांतीचे महत्त्व मात्र आम्हांस अजून पटलेले नाही. पोलीस भरती जाहीर होताच आमचे तरुण १६०० मीटरच्या धावेसाठी सकाळ-संध्याकाळ ऊर फुटेतो धावतात. आषाढात दिवसभर भाताची लावणीही करतात. शेतातले आणि मैदानातले श्रम शरीर एकाच खात्यावर मांडते, हे आम्ही विसरतो.

बळ व्यायाम करतेवेळी वाढत नसते. त्या वेळी स्नायूंची झीज होते आणि त्यांतील साखरेचा साठा उतरतो. पुढील एक-दोन दिवसांत अन्न व निद्रा यांच्या साहाय्याने ती झीज भरून निघते आणि शरीर पूर्वीपेक्षा किंचित अधिक समर्थ होते. ही भरपाई होण्यापूर्वीच पुनःपुन्हा ताण दिला, तर व्याज दूरच, मुद्दलही खर्ची पडते.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तेथे जपानच्या इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ झुंजीनंतर त्यांना नियमानुसार अर्धा तास विसावा मिळावयास हवा होता. परंतु त्यांची बाजू मांडणारा आपला अधिकारी हजर नव्हता आणि थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, असे सांगितले जाते. त्यांना जो विसावा मिळाला नाही, तो आमचे तरुण आपण होऊन नाकारतात.

अतिश्रमाची लक्षणे घरातही ओळखता येतात. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी काही दिवस नेहमीपेक्षा जलद लागते, झोप मोडते, भूक मंदावते, वारंवार पडसे होते, स्वभाव चिडका बनतो. आणि श्रम वाढवूनही धावेची वेळ बिघडत जाते. अशा वेळी आळशी म्हणून मुलास अधिक पिटाळणे हे त्याच्या हातची संधी घालविणे होय. अतिश्रमानंतर स्नायू असह्य दुखून लघवी काळपट झाली, तर मात्र तात्काळ डॉक्टर गाठावा.

म्हणून आमची विनंती एवढीच, की तयारी जाहिरातीची वाट न पाहता काही महिने आधी सुरू करावी. कठीण दिवसानंतर हलका दिवस असावा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा असावा, रात्री आठ तास झोप असावी आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात श्रम कमी करावेत. पालकांनी मुलाच्या खुराकाची जशी चौकशी करावी, तशीच त्याच्या झोपेचीही करावी. समाजाचे बळ या तरुणांतच आहे. ते भरतीच्या मैदानावर पोचण्यापूर्वीच खचू नये.